माहेरी काढलेली गाठ

जालिंदर बनसोडेला कुणी विचारलं, काय काम करतोस, तर तो सरळ सांगायचा, "मेण कापतो." समोरचा माणूस मेणबत्त्यांचा कारखाना समजून गप बसायचा आणि जालिंदरची सुटका व्हायची. खरं काम सांगायला घेतलं तर लोक हातातला चहा खाली ठेवतात, हा त्याचा जुना अनुभव होता.

खरं काम असं. सांगलीत गणपती पेठेच्या मागल्या अंगाला, एका ट्रस्टच्या दुमजली इमारतीत 'कृष्णाकाठ ऊती संग्रह व तपासणी केंद्र' होतं. सातारा-सांगलीकडच्या लहानमोठ्या दवाखान्यांत कुणाची गाठ काढली, की तिचा तुकडा औषधाच्या बाटलीत बुडवून इथं यायचा. वाईची बाटली, कोरेगावची बाटली, इस्लामपूरची बाटली, सगळ्या एसटीनं यायच्या, कंडक्टरच्या पायाशी बसून आणि बिनतिकीट. जालिंदर तो तुकडा मेणात बसवायचा, काडेपेटीहून लहान ठोकळा करायचा आणि यंत्रावर त्याचे असे पातळ काप काढायचा की कोमट पाण्यावर ते सायीसारखे तरंगावेत. काप काचेवर घेऊन रंगवले की डॉक्टर प्रियदर्शनी शिर्के मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आणि रिपोर्ट लिहायच्या. रिपोर्ट दवाखान्याला जायचा. ठोकळा मात्र इथंच राहायचा, कपाटात, नंबर टाकून.

त्या कपाटासाठी तर सगळा खटाटोप होता. कॅन्सरवर संशोधन करणारी मंडळी पुण्याला, मुंबईला, मिरजेला विखुरलेली. प्रत्येकानं आपापली लॅब थाटायची म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून सगळ्यांत मिळून ही एक. त्यांनी चिठ्ठी पाठवायची, अमुक वयाच्या, अमुक जागच्या गाठींचे काप हवेत, आणि जालिंदरनं ते कापून द्यायचे. त्यांना फक्त नंबर कळायचे. नावं होती ती जालिंदरच्या लाल रजिस्टरात, आणि रजिस्टर होतं कुलपात. कुलपाची किल्ली करगोट्याला बांधली नव्हती एवढंच, बाकी जीव तिच्यात होता. बारा वर्षांत आपल्या हातून एक नाव बाहेर गेलं नाही, याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो बायकोला, पायलला, आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

शहाण्णव सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. सोमवारी सकाळी डॉक्टर प्रियदर्शनींनी त्याला आत बोलावलं.

"जालिंदर, हे बघ. इस्लामपूरची शालूबाई पवार. छातीवरची कडक झालेली जागा काढून पाठवलीय. कॅन्सर कुठं दिसत नाही."

"मग बरंच आहे की, मॅडम."

"बरं आहे का ते बघ ना आधी."

त्यानं डोळा लावला. गुलाबी-जांभळ्या रानात मधेच काहीतरी चकाकत होतं, आणि त्याच्याभोवती पेशींनी कडं धरलं होतं, जत्रेत पैलवानाभोवती माणसं धरतात तसं.

"दोरा आहे," जालिंदर म्हणाला. "टाक्याचा."

"जुन्या टाक्याचा. म्हणजे इथं आधी कुणीतरी चाकू चालवलाय. काय काढलं, कुणी काढलं, आणि ती काढलेली गाठ कशाची होती? या कागदावर तर लिहिलंय, पूर्वी ऑपरेशन नाही."

डॉक्टरांनी इस्लामपूरच्या सर्जनना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की बाई म्हणते माहेरी गळू झालं होतं, ते फोडलं. नवरा शेजारी बसलेला असतो, तो काहीच बोलत नाही. रिपोर्ट चांगला असेल तर शनिवारी घरी सोडतो, उसाची तोड चालू आहे, मंडळी घाईला आलीत.

डॉक्टरांनी फोन ठेवला. "मी लिहिणार की या तुकड्यात कॅन्सर नाही. ते खरंच आहे. पण मुळातली गाठ कॅन्सरची असली तर ही बाई माझ्या सहीच्या भरवशावर घरी जाईल, ऊस तोडेल आणि वर्षभरात मरेल. शनिवारपर्यंत मला ती पहिली गाठ पाहिजे."

एसटीनं न आलेल्या, मागं राहिलेल्या बाटल्या गोळा करायला जालिंदर दर बुधवारी इस्लामपूरला जायचाच. त्या बुधवारी तो सर्जनना विचारून बायकांच्या वॉर्डात गेला. शालूबाई खाटेवर बसून होती. चाळिशीच्या आतबाहेरची, सावळी, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. शेजारच्या स्टुलावर तिचा नवरा ज्ञानू पवार. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. दवाखान्याच्या घोंगडीचीसुद्धा त्यानं चौकोनी घडी घालून ठेवली होती.

जालिंदरनं कोण, कुठला ते सांगितलं आणि विचारलं, "ह्या जागी आधी काय झालं होतं?"

"गळू हुतं," बाई भिंतीकडं बघत म्हणाली. "म्हायेरी फोडलं."

हवालदार खिडकीबाहेर बघत राहिला.

आता पुढं काय विचारावं? परक्या बाईला, तिच्या नवऱ्यासमोर, छातीबद्दल! काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं आपल्याकडं सगळेच विचारतात ते विचारलं. "माहेर कुठलं म्हणायचं?"

"जांभळवाडी. कोरेगावच्या अंगाला."

"आँ? मी जांभळवाडीचाच की. कुणाच्यातल्या तुमी?"

"आकाराम जगदाळ्यांची."

"आकारामतात्यांना तर एकच लेक. हौसाताई. आमच्या म्होरं चार इयत्ता हुती शाळंत."

बाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "आक्काताईचा जालू व्हय रं तू? शेंबडा?"

हवालदार मोठ्यानं हसला आणि जालिंदरही. खुलासा अगदी सोपा होता. सासूचं नावही हौसाबाईच. आता सासूच्या नावानं सुनेला दिवसातनं पन्नास वेळा हाक कशी मारायची? म्हणून लग्नातच सुनेची शालू झाली. त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. इस्लामपुराकडं हौसा कुणाला ठाऊक नव्हती, आणि जांभळवाडीत शालूबाई कुणी ऐकली नव्हती.

जालिंदरला एकदम ते सगळं आठवलं. त्याची आई आक्काताई जगदाळ्यांकडं कामाला जायची ती अंगणाच्या कडेपर्यंतच. त्यापुढं तिला कुणी ये म्हणत नसे, आणि ती जात नसे. ही हौसा मात्र ताटली घेऊन कडेला येऊन बसायची आणि आक्काताईशी गप्पा मारत खायची, आजी आतून ओरडत असली तरी. मोठेपणी हे आठवलं की जालिंदरला त्या घराचा राग यायचा, आणि त्या रागातून ही एक पोरगी तेवढी वगळावी लागायची.

"पाव्हणं आमच्या सासरवाडीचं निघालं," हवालदार उठत म्हणाला. "मग च्या झालाच पायजे. भजी बी आणतो. बसा."

"कशाला, दाजी?"

"बसा म्हंतो न्हवं."

बायकोच्या माहेरचा माणूस आला म्हणजे जावयानं स्वतः उठायचं, ही रीत तो दवाखान्यातही मोडणार नव्हता. त्याचे बूट जिन्यावरून खाली वाजत गेले, तसा जालिंदर स्टूल ओढून जवळ बसला.

"हौसाताई, गळवाला टाकं घालत न्हाईत. आत दोरा सापडलाय. काय हुतं ते सांगा. मी दुसऱ्या कुणाचा न्हवं, आक्काताईचा हाय."

ती खालच्या आवाजात बोलायला लागली. श्रावणात पंचमीला माहेरी गेली तेव्हा तिनं भावजयीला गाठ दाखवली. भाऊ नाथाजीनं दुसऱ्याच दिवशी कोरेगावच्या दवाखान्यात नेलं, गाठ काढली, आठ दिवसांत टाके निघाले. नंतर एक पाकीट आलं. आत इंग्रजी कागद. नाथाजीनं तो देवाच्या फोटोमागं नीट ठेवला. गाठ निघाली म्हणजे दुखणं निघालं, आता कागद वाचून काय करायचंय, असा त्याचा सरळ हिशेब.

"मग दाजींना का न्हाई सांगितलं?"

"कुठल्या तोंडानं सांगू? आत्याबाई गेल्या त्या ह्याच दुखण्यानं. दोन वरसं ह्यांनी फौजंची रजा काढून काढून त्यांचं हागलं-मुतलं केलं. आई गेली तवा ह्यो माणूस सा महिनं धड जेवला न्हाई. आन् मी परत त्येच पुढ्यात मांडू? झाकली मूठ बरी." तिनं जालिंदरचा दंड धरला. "त्यास्नी सांगू नगंस. आक्काताईची आण हाय तुला."

जालिंदरनं मान हलवली. दुसरं काय करणार? तेवढ्यात बूट जिना चढायला लागले. भजी गरम होती, चहा गोड होता, आणि ज्याच्यापासून लपवायचं कबूल केलं त्याच्याच हातचं ते खायचं होतं. हवालदारानं आपल्या पुड्यातली मोठी भजी निवडून त्याच्यापुढं सारली.

सांगलीला पोचल्यावर त्यानं बाटल्यासुद्धा खाली ठेवल्या नाहीत. कुलूप काढलं, लाल रजिस्टर उघडलं, ऑगस्टची पानं उलटली. आणि मिळालं. हौसा आकाराम जगदाळे, वय अडतीस, जांभळवाडी, तालुका कोरेगाव. अक्षर त्याचं स्वतःचं.

माहेरी लेक कुणाची बायको नसते. नाथाजीनं दवाखान्यात बहिणीचं नाव लिहून दिलं ते त्याला ठाऊक होतं तेच, बापाचं नाव लावून. त्यात त्याचं काय चुकलं? पण आपलं काय? पंचमीच्या सुट्टीनंतर तुंबलेल्या चाळीस बाटल्या, म्हणून आपण डोळे मिटून लिहीत गेलो. स्वतःच्या गावाचं नाव लिहितानाही हात थांबला नाही. हौसाताईचं मांस आपल्या हातानं मेणात बसवलं, आपल्या हातानं कापलं, आणि आपल्याला पत्ता नाही. त्याला फार लाज वाटली. नावं बाहेर जाऊ दिली नाहीत म्हणून बारा वर्षं मिरवलं, पण ती कधी वाचली नव्हती.

पहिली गाठ अख्ख्या मुलखात शोधायची म्हणून तो इस्लामपूरला गेला होता आणि ती त्याच्याच कपाटात, तिसऱ्या फळीवर बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण एक खरं, दोन तालुक्यांच्या बाटल्या एकाच छपराखाली येत होत्या म्हणून कळसा काखेत तरी होता. नाहीतर कोरेगावचा तुकडा साताऱ्याला गेला असता, इस्लामपूरचा दुसरीकडं कुठं, आणि दोघांची या जन्मात गाठ पडली नसती.

डॉक्टर प्रियदर्शनींनी दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या. ऑगस्टचा रिपोर्ट त्यांचाच होता. कॅन्सर, आणि तो काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गेलेला. पुढचे उपचार ताबडतोब करावेत, असंही त्यांनी लिहिलं होतं. ते इंग्रजीत होतं आणि देवाच्या फोटोमागं होतं.

पुण्याचा संशोधक वीरधवल घोरपडे त्या दिवशी काप न्यायला आलेला होता. दोन्ही नंबर ऐकून त्यानं न्यायच्या कापांची यादी काढली आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, माझ्याकडं या दोन बायका आहेत. एक कॅन्सर असलेली, एक नसलेली. दोघींची तुलनासुद्धा करायला निघालो होतो मी."

"छान. काय निष्कर्ष निघाला असता?"

"राहू द्या," वीरधवल म्हणाला.

पण पोरगा भला होता. हे हसण्यावारी नेऊन तो पुण्याला पळाला नाही. त्यानं आणि जालिंदरनं दुसऱ्या दिवशी बसून दवाखान्यांना द्यायचा फॉर्मच नवा केला. त्यात बाईचं सासरचं नाव, माहेरचं नाव, दोन्ही गावं, आणि आधी कुठं काही काढलं असेल तर ते कुणाच्या नावावर, असे रकाने घातले. आजवर संशोधकांच्या फॉर्मात वजन होतं, उंची होती, पाळी कधी थांबली ते होतं. माहेर नव्हतं. ज्यांनी फॉर्म केला ते सगळे पुरुष होते, त्यांची नावं कुणी तांदळात लिहून बदलली नव्हती.

राहिली ती आण. जालिंदरनं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं होतं, आणि आता तो तोंड पाडून उभा होता.

"दाजींना सांगायचं नाही असं कबूल केलंस ना? मग नको सांगू," डॉक्टर म्हणाल्या. "सांगायचं असेल तर ती सांगेल. पण तिला मात्र सगळं कळलं पाहिजे. मी सर्जनशी बोलले आहे. मिरजेच्या डॉक्टरांना चिठ्ठीही दिलीय. ते म्हणतात, काखेत गाठ लागत नाही, एक्सरेत हाडं, फुप्फुसं स्वच्छ दिसतात. आत्ता नीट उपचार केले तर ही बाई नातवंडं खेळवेल. शनिवारी तूही जा. माहेरचं कुणीतरी असू दे तिच्याजवळ."

शनिवारी सकाळी इस्लामपूरच्या सर्जननी शालूबाईला आपल्या खोलीत बोलावलं, जालिंदर दाराशी उभा राहिला, आणि त्यांनी तिला मराठीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. पहिली गाठ कॅन्सरची होती. वेळ गेलेली नाही. मिरजेला जाऊन छातीचं मोठं ऑपरेशन, मग किरणांचे शेक घ्यायचे, गोळ्या घ्यायच्या. बाईनं सगळं ऐकलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "ह्यास्नी काय सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा," सर्जन म्हणाले.

ती जालिंदरकडं बघत राहिली. ही नको म्हणाली तर? घरी चला, मला काही झालेलं नाही, असं म्हणाली तर आपण कुठल्या अधिकारानं आडवं पडणार? सख्खा भाऊ तरी पडू शकला असता का?

"बोलाव त्यास्नी," ती म्हणाली.

हवालदार आला. बायकोनं मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. पंचमी, भावजय, नाथाजी, कोरेगाव, टाके. आणि ती गळवाच्या गोष्टीपाशी आली तसा हवालदारानं हात वर केला.

"ते म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"गळू न्हवतं त्ये. अठरा वरसं फौजंत काढली मी. गळू फोडल्याली खूण कशी असती आन् टाकं घातल्याली कशी, ते मला कळत न्हाई व्हय? पंचमीस्नं आलीस तवाच बघितलं."

"मग इचारलं का न्हाईसा?"

हवालदार टोपीशी चाळा करत उभा राहिला. "इचारलं आस्तं तर तू माझ्याम्होरं खोटं बोलली आस्तीस. वीस वरसांत कवा बोलली न्हाईस. ते मला बघवलं नस्तं. म्हटलं, सांगंल आपणहून. मग परत कडक लागाय लागलं तवा हितं आणलं. म्हटलं, डाक्टरला तरी सांगंल."

"चार महिनं वाट बघितलासा?"

"चार महिनं."

आणि मग शालूबाई रडली. कॅन्सरच्या नावानं आलं नव्हतं ते पाणी या चार महिन्यांच्या नावानं आलं. नवऱ्याला आईचं दुःख पुन्हा नको म्हणून ती गप बसली, बायकोला खोटं बोलायला लागू नये म्हणून तो गप बसला, आणि दोघांच्या त्या जपण्यात दुखणं आपलं आत निवांत बसून राहिलं होतं. जालिंदरला दोघांचाही भयंकर राग आला आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. त्यानं त्यातलं काहीच केलं नाही. पिशवी उचलली आणि मिरजेच्या गाडीची वेळ विचारून आला.

दुपारच्या गाडीत गर्दी होती, पण तिघांना जागा मिळाली. ऊस भरलेल्या बैलगाड्यांमागून एसटी रडतखडत चालली होती. कंडक्टर आला, तसा हवालदार ताठ बसला आणि परेडवर हुकूम द्यावा तशा आवाजात म्हणाला, "तीन मिरज. मंडळीस्नी क्यान्सर झालाय. उपचाराला निघालोय."

सगळी गाडी वळून बघायला लागली. कंडक्टरचा हात तिकिटांच्या पेटीवरच राहिला. मागच्या बाकावरची एक म्हातारी पुढं वाकून म्हणाली, "कुठं झालाय गं बाई?"

शालूबाईनं पदर तोंडावर ओढला. "आवं, हळू बोला की. चारचौघांत काय ह्ये?"

"का म्हणून हळू?" हवालदार म्हणाला. "हळू बोलून बघितलं की आपण."

मग तो मागं वळला आणि म्हातारीला पहिल्यापासून सांगायला लागला, पंचमीपासून. मधे एकदा त्यानं भावजयीच्या जागी नाथाजीचं नाव घेतलं. पदराआडून आवाज आला, "आदी वैनीला दावली हुती, मग नाथाजीला," आणि थोड्या वेळानं शालूबाईनं पदर खाली घेतला आणि पुढचं ती स्वतःच सांगायला लागली.